अंजिराच्या झाडाला कोणते खत?



उपवासकाळात आपण संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत ऐकतो. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, फळ मिळत नाही, म्हणून तो झाड तोडायला सांगतो. माळी मात्र आणखी एका वर्षाची मुदत मागतो. झाडाभोवती खणीन, खत घालीन, मग पाहू, असे त्याचे म्हणणे. या दृष्टांतावर आम्ही आजवर कितीतरी वेळा प्रवचन दिले. देवाची सहनशीलता, आपला पश्चात्ताप, मिळालेली शेवटची संधी, हे सारे सांगून झाले. पण त्यातल्या 'खत' या शब्दावर आमचे लक्ष कधी थांबले नव्हते. यंदा थांबले. ते का थांबले, हे आज आपल्यासमोर कबूल करायचे आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या धर्मग्रामातील एक वयस्क काका आमच्याकडे आले. त्यांचे थोडे वावर शहराच्या पूर्वेला आहे. त्या भागात एक ट्रॅक्टरवाला काळे, भुसभुशीत खत शेतकऱ्यांच्या बांधावर आणून टाकत होता. पैसे फक्त वाहतुकीचे. काका म्हणाले, "फादर, फुकटात येऊन राहिलं न, घेऊन टाका दोन ट्रॉल्या. पालक पाहा मग कसा येते ते." आम्ही घेतल्या. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत वाफे केले. पालक, मेथी, सांबार, वांगी लावली. पीक असे आले की पाहणाऱ्याने पाहत राहावे. नाताळच्या आधी आणि नंतरही ती भाजी आपल्या भागातील काही गरजू घरांत पोहोचवली. मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये आम्ही त्याबद्दल अभिमानाने बोललो, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

जानेवारीत एक दिवस आपल्याच युवक मंडळातील, शेतकी शिकणारी एक मुलगी तो उरलेला ढीग पाहायला गेली. तिने काडीने तो उकरला. त्यात प्लॅस्टिकचे तुकडे होते, केस होते, शाम्पूच्या पुडीचा कोपरा होता. ती म्हणाली, "फादर, हे शेणखत नाही. हा मैल्याचा गाळ आहे. कुठून आणला? कुणी तपासला होता का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागेना. तो गाळ कोणत्या प्लँटचा, की कोणाच्या संडासच्या टाकीतला, हे काकांनाही ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते. जे गरिबाच्या ताटात वाढायचे, ते कशावर वाढले आहे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही.

बंधुभगिनींनो, हा विषय मिस्साच्या दिवशी वाचायला आपल्याला ओंगळ वाटेल. पण पवित्र शास्त्राला तो ओंगळ वाटला नाही. अनुवाद या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात देव इस्राएल लोकांना सांगतो की छावणीच्या बाहेर जागा ठेवा, सोबत खणण्याचे हत्यार ठेवा, खड्डा करा आणि विष्ठा मातीने झाका. कारण तुमचा देव तुमच्या छावणीतून फिरतो. ज्या पुस्तकात दहा आज्ञा आहेत त्याच पुस्तकात हा नियमही आहे. आपण आपल्या घाणीचे काय करतो, हा देवापुढचा प्रश्न आहे.

आपल्या नागपूरचेच पाहा. सांडपाणी पूर्वी थेट नाग नदीत आणि पिवळी नदीत जाई. आजही सगळेच थांबलेले नाही. भांडेवाडी येथे ते शुद्ध करण्याचे मोठे प्रकल्प उभे राहिले. त्यांपैकी एकाची क्षमता रोज २० कोटी लिटर आहे. शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते, म्हणजे तितके पिण्यायोग्य पाणी वाचते. ही आपल्या शहराची खरोखर चांगली गोष्ट आहे आणि तिचे कौतुक केले पाहिजे. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. तो पूर्ण व्हावा अशी आपण प्रार्थना करू या.

पण जगातल्या कोणत्याही शहरात पाणी शुद्ध होते, म्हणजे त्यातली घाण नाहीशी होते असे नाही. ती खाली बसते. जंतू, जंतांची अंडी, जड धातू, औषधांचे अंश यांतले बरेचसे गाळात उतरते. पाणी जितके चांगले शुद्ध करावे तितका गाळ अधिक निघतो. शहरे वाढतील, नवे प्रकल्प होतील, तसा हा गाळही वाढणार. मग त्याचे करायचे काय? एक उत्तर फार सोपे वाटते: शेतात टाका.

हे उत्तर वाईट माणसांनी शोधले असे कृपा करून समजू नका. त्यामागे एक थोर विचार आहे. आपल्याकडे मैल्यापासून झालेल्या खताला 'सोनखत' म्हणतात, ते उगाच नाही. आपल्यापासून जवळच, सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात मैल्याचे खत करणे हे सेवेचे काम मानले जाई. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच कामासाठी आयुष्य वेचले. ज्या कामामुळे माणसे अस्पृश्य ठरवली गेली, ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने केले. आपल्या विदर्भाचे संत गाडगेबाबा हातात झाडू घेऊन गावोगाव फिरले. १९५६ मध्ये त्यांनी देह ठेवला, पण घाण साफ करणारा हात पवित्र असतो, हा त्यांचा धडा अजून आपल्या पुरता गळी उतरलेला नाही. मैल्यात नत्र आहे, स्फुरद आहे, मातीला लागणारा सेंद्रिय अंश आहे. देवाने निर्माण केलेल्या सृष्टीत एकाचे टाकलेले दुसऱ्याचे अन्न होते. मातीतून आले ते मातीत परत गेले पाहिजे, हे तत्त्व खरेच आहे.

मग चुकले कुठे? सोनखत करणाऱ्याला खड्ड्यात काय पडले हे माहीत होते. गावातल्या माणसांचा मैला, वर माती, पालापाचोळा, राख, आणि मग महिनोन्‌महिने वाट. आजच्या शहराच्या गटारात केवळ मैला जात नाही. त्यात मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे पाणी जाते, बॅटऱ्यांचे, रंगाचे, दवाखान्यांचे, गॅरेजचे पाणी जाते. आपल्या घरातून फिनाईल, ॲसिड, उरलेली औषधे जातात. शब्द तोच राहिला, 'खत'. आतली वस्तू बदलली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, की नाव सारखे असले म्हणून वस्तू सारखी असेलच असे नाही. परीक्षेत आम्ही ते नीट लिहिले होते. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा ते विसरलो.

यातले धोके थोडक्यात सांगतो. पहिला धोका जंतूंचा. नीट न कुजलेल्या गाळात जंतांची अंडी असतात. गोल जंताची अंडी मातीत महिने, कधी वर्षेही तग धरतात. निंदणाला अनवाणी जाणाऱ्या बाईच्या पायातून अंकुशकृमी शिरतो आणि तिचे रक्त पितो. या धोक्यावर उपाय आहे. ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, पुरेसे दिवस तसा राहिला आणि तो वारंवार उलटला, तर जंतू मरतात. चुन्यानेही मारता येतात. दुसरा धोका शिसे, कॅडमियम, पारा अशा धातूंचा. त्यांना ऊन मारत नाही, चुना मारत नाही, काळही मारत नाही. ते कुजत नाहीत. एकदा वावरात पडले की नातवंडांच्या काळातही तिथेच राहतात, आणि पालकासारखी पालेभाजी कॅडमियम ओढून घेते. कॅडमियम माणसाचे काय करते हे जपानने पाहिले आहे. तिथल्या तोयामा जिल्ह्यात खाणीचे पाणी भातशेतीत गेले आणि लोकांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली. सरकारने १९६८ मध्ये हा रोग प्रदूषणामुळेच झाला असे मान्य केले. तोवर एक पिढी वेदनेत गेली होती.

तिसरा धोका अगदी अलीकडे लक्षात आला. न चिकटणारी भांडी, डाग न धरणारे कापड, आग विझवण्याचा फेस यांत 'पीफास' नावाची रसायने असतात. ती इतकी टिकाऊ आहेत की त्यांना 'कायमची रसायने' म्हणतात. अमेरिकेतील शहरे आपला गाळ समुद्रात टाकत असत. ते बंद करणारा कायदा १९८८ मध्ये झाला, आणि १९९३ मध्ये गाळ जमिनीवर टाकण्याचे सविस्तर नियम आले. धातूंच्या मर्यादा ठरल्या, जंतू मारण्याच्या पद्धती ठरल्या. पण ज्या रसायनाचे नावही त्या यादीत नव्हते, त्याचे काय? मेन राज्यात शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे परवानगीने गाळ टाकला होता. नंतर त्यांच्या विहिरीत आणि गाईंच्या दुधात ही रसायने सापडली. २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली. त्या शेतकऱ्यांनी नियम मोडला नव्हता. त्यांनी विश्वास ठेवला होता.

आपल्याकडेही नियम आहेत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत. एका किलोत कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नको, शिसे १०० पेक्षा अधिक नको, पारा ०.१५ पेक्षा अधिक नको. पण हे नियम लागू होतात ते खत म्हणून पोत्यात भरून विकल्या जाणाऱ्या मालाला. रात्री बांधावर ट्रॉली उलटी करून जाणाऱ्याला कोण विचारणार? आणि आणखी एक गोष्ट आपल्या शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावी. २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते, तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह असे बारा घटक तपासलेले असतात. शिसे आणि कॅडमियम त्यात नसतात. पत्रिका चांगली आली म्हणजे माती निर्धोक, असे समजू नये. ती तपासणी वेगळी मागावी लागते.

काका नंतर आम्हाला म्हणाले, "फादर, एवढं पाहत बसलो तं शेती कोण करन? युरियाचे भाव पाहा. शेणखत कुठी मिळते आता?" त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेऊ शकत नाही. बैल गेले, गोठे गेले, शेणखताची ट्रॉली महाग झाली. ज्याच्या हातात पैसा नाही त्याला फुकटचे खत म्हणजे देवाने पाठवलेले दान वाटते. म्हणून दोष त्यांना देऊ नका. आधी घाणीचा मार्ग कोणत्या दिशेने जातो ते पाहा. ती शहराच्या वरच्या वस्तीतून निघते आणि उताराने पूर्वेला येते. नाग आणि पिवळी आपल्या बाजूने जाऊन कन्हानला मिळतात, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचे धरण. नाग नदीच्या काठी याच पाण्यावर भाजी पिकते आणि शहरातच विकायला येते. ज्याने संडासची साखळी ओढली, त्याच्याच ताटात ती परत येते. फक्त मध्ये कुणीतरी गरीब माणूस ती हाताळतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात देव कळपातल्या धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो. चांगला चारा खाल्ला तो खाल्ला, उरलेला पायांनी का तुडवता? स्वच्छ पाणी प्यायले ते प्यायले, उरलेले पायांनी गढूळ का करता? माझ्या इतर मेंढरांनी तुमचे तुडवलेले खावे आणि तुमचे गढूळ केलेले प्यावे काय? हा प्रश्न आम्हाला या उपवासकाळात झोपू देत नाही. कारण आम्ही स्वतःला गरीब मेंढरांचा मेंढपाळ समजत होतो, आणि आमच्या हातून त्यांच्याच ताटात काय गेले, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कोणाला काही झाल्याचे आमच्या कानावर आलेले नाही, देवाचे आभार. पण काही झाले नाही म्हणून चूक चूक राहत नाही, असे थोडेच आहे? आम्ही त्या प्रत्येक घरी गेलो. क्षमा मागितली. मुलांना जंताचे औषध आरोग्य केंद्रातून मिळते, ते द्यायला सांगितले. एका आईने आम्हाला चहा दिला आणि म्हणाली, "फादर, तुम्ही येऊन सांगितलं तरी." त्या वाक्यात क्षमा होती आणि दुःखही होते. तिला येऊन सांगणारे फार थोडे भेटले असावेत.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे आठ भाग सांगितले आहेत. त्यांत पूर्वीचे स्मरण आहे, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी आहे, दूरदृष्टी आहे, आजूबाजूचे भान आहे आणि सावधगिरी आहे. सावधगिरी म्हणजे भित्रेपणा असे आपण समजतो. संत थॉमस तिला सद्गुणात बसवतात. कारण या जगात चांगल्यात वाईट मिसळलेले असते आणि ते दिसायलाही चांगल्यासारखे असते. आमच्या पालकाचा हिरवागार रंगच आम्हाला फसवून गेला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ मधील 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच विचार मांडला. गंभीर आणि कधीही भरून न येणारी हानी होण्याची शक्यता दिसत असेल, तर पूर्ण पुरावा हाती येईपर्यंत थांबू नये. निर्धोक असल्याचे दाखवण्याची जबाबदारी ते काम करणाऱ्यावर आहे. गाळ देणाऱ्याने कागद दाखवावा. घेणाऱ्या गरिबाने प्रयोगशाळा शोधत फिरावे, हा न्याय नव्हे.

आता पुन्हा अंजिराच्या झाडाकडे येऊ. माळ्याने काय केले? तो मालकाला म्हणाला नाही की कुठलेही खत टाकून पाहतो. तो त्या झाडाजवळ राहणारा माणूस होता. आधी खणीन, म्हणाला. म्हणजे आधी माती पाहीन. मग खत घालीन. मग वर्षभर वाट पाहीन. आणि शेवटी जो निकाल येईल तो मान्य करीन. खणणे, जाणून घालणे, वाट पाहणे आणि निकाल मानणे, या चारही गोष्टींना वेळ आणि कष्ट लागतात. आम्हाला फळ हवे होते, पण खणायचे नव्हते. आपले आध्यात्मिक जीवनही असेच नाही का? पश्चात्ताप हवा, पण आत काय साचले आहे ते उकरून पाहायला नको. उपवास धरतो, क्रूसाच्या वाटेला येतो, आणि मनाच्या तळाला बसलेला गाळ तसाच ठेवून वर भक्तीचे रोप लावतो. काही दिवस ते हिरवेगार दिसतेही. प्रायश्चित्त संस्कार म्हणजे कोणीतरी काडीने तो ढीग उकरणे. त्या मुलीने आमच्यासाठी ते केले. तिला आमची चूक दिसली आणि ती गप्प बसली नाही. धर्मगुरूला असे विचारायला धैर्य लागते. युवकांनो, हे धैर्य सोडू नका.

यापुढे आपल्या धर्मग्रामात काय करायचे, ते पॅरिश कौन्सिलसमोर ठेवले आहे. मागच्या वाफ्यांतून यंदा काहीही खाण्यासाठी काढले जाणार नाही. तिथे झेंडू लावू; येत्या सणांना वेदीसाठी फुले होतील. त्या मातीचा नमुना जड धातूंसाठी तपासून घेऊ आणि निकाल काहीही आला तरी तो याच पत्रकात छापू. आपल्या शहरात १९५८ पासूनची 'नीरी' आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे मुख्यालयही आहे. अशा शहरात राहून आपण अडाणी राहण्याचे कारण नाही. तेथील जाणकारांना एखाद्या रविवारी मिस्सानंतर बोलावण्याचा प्रयत्न करू. चर्चच्या संडासची टाकी उपसायला येणाऱ्या टँकरवाल्याला 'मैला कुठे रिकामा करता?' असे विचारूनच काम देऊ, आणि टाकीत माणूस उतरवणार नाही. २०१३ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे. आपल्यासाठी ते त्याआधीही पाप होते.

आपणही घरी काही गोष्टी कराव्यात. उरलेली औषधे, रंग, तेल, बॅटरीचे पाणी संडासात ओतू नका. ओला कचरा वेगळा ठेवा. त्याचे खत कुंडीतही होते आणि त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. ज्यांचे वावर आहे त्यांनी फुकट आलेल्या ट्रॉलीला तीन प्रश्न विचारावेत: कुठून आले, केव्हा कुजवले, तपासणीचा कागद कुठे आहे? उत्तर मिळाले नाही तर ट्रॉली परत पाठवावी. आणि ज्याला खत विकत घ्यायची ऐपत नाही, त्याला परत पाठवायला सांगून आपण मोकळे होऊ नये. काकांच्या एका हंगामाच्या शेणखतासाठी या रविवारच्या दानपेटीतील रक्कम द्यावी, असे आम्ही सुचवतो. उपवासातून वाचलेला पैसा गरिबाचा, ही आपली जुनी रीत आहे.

प्रार्थना करू या. हे प्रभो, तू आदामाला मातीतून घडवलेस आणि तीच माती जपायला त्याच्या हाती दिलीस. आम्ही तिच्यात न पाहता काय काय टाकले, त्याची आम्हाला क्षमा कर. आमची घाण जे उचलतात त्यांना जप. जे शेत राबतात त्यांच्या हातापायांना, मुलाबाळांना निरोगी ठेव. आणि माळ्याने मागितली तशी आणखी एक वर्षाची मुदत आम्हालाही दे. या वेळी आम्ही आधी खणू. आमेन.

प्रभूठायी आपला,
धर्मगुरू